चौथ्या खाटेचे हँडल

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
बालरुग्णालय.

विषय : बाल अतिदक्षता विभागातील खाट क्र. ४ चे हँडल मिळणेबाबत, तसेच मला बजावलेल्या नोटिशीचा खुलासा.
संदर्भ : १) माझे यापूर्वीचे चार अर्ज. २) भांडार विभागाची नोटीस, दि. १४.

महोदय,

मी उपरोक्त विभागाची प्रभारी परिचारिका सविनय सादर करते की,

१. खाट क्र. ४ चा डोक्याकडचा भाग वर करण्याचे हँडल सात महिन्यांपूर्वी तुटले. व्हेंटिलेटरवरील मुलाला सपाट झोपवल्यास लाळ व पोटातले पाणी श्वासाच्या नळीच्या कडेने फुफ्फुसात झिरपते आणि न्यूमोनिया होतो. म्हणून डोके तीस अंश वर ठेवावे, असा आपल्याच सहीचा तक्ता आमच्या भिंतीवर आहे.

२. पहिल्या अर्जावर भांडारपालांनी कळवले की हँडल सुटे मिळत नाही, खाटच मोडीत काढावी. दुसऱ्यावर कळवले की मोडीत काढण्यासाठी ती रिकामी हवी. ती कधीच रिकामी नसते, असे मी तिसऱ्यात लिहिले. उत्तर आले, "रिकामी झाल्यावर कळवावे." चौथ्याला उत्तर नाही. उशा लावून पाहिल्या, पण मान मुडपते व नळी हलते. अखेर खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्या. तपासणी समितीने त्या "विभागात बांधकाम साहित्य आढळले" असा शेरा मारून उचलून नेल्या.

३. त्या दिवशी खाटेवर एका सुताराची सहा वर्षांची मुलगी होती. हातापायांतली व श्वासाची ताकद गेल्याने तिला व्हेंटिलेटर लावला होता. फुफ्फुसे मात्र स्वच्छ होती. दोन दिवसांत ताप चढला, नळीतून घट्ट पिवळा कफ येऊ लागला, एक्स-रेत उजवी बाजू पांढरी दिसली. हे केवळ हँडलमुळे झाले, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. हात धुणे, तोंडाची स्वच्छता, जे आमच्या हाती होते ते आम्ही चुकवले नाही, एवढेच म्हणते.

४. तिच्या वडिलांनी विचारले, "सिस्टर, परवा डोळ्यांनी हसली होती हो. आज काय झालं?" मी काहीही न लपवता सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली आणि म्हणाले, "किती वर हवं, तेवढं दाखवा." दुसऱ्या दिवशी सकाळी ते गादीखाली बसेल असा लाकडी उतार घेऊन आले. कडा घासलेल्या, वरून पुसता येईल असे रेक्झिन. आमच्या डॉक्टरांनी कोन मोजला. बरोबर तीस.

५. औषधे बदलावी लागली. जी नळी आठवड्याभरात निघेल अशी आशा होती, ती एकोणिसाव्या दिवशी निघाली. बसलेल्या आवाजात मुलगी पहिले वाक्य बोलली, "हेपण काढा." ते नाकातल्या, दूध भरवायच्या नळीबद्दल होते. आता ती वॉर्डात आधाराने बसायला शिकते आहे.

६. आणि मला नोटीस आली : नातेवाइकाकडून "विनानोंद लाकडी वस्तू" स्वीकारल्याबद्दल खुलासा द्यावा व ती तीन दिवसांत परत करावी.

खुलासा असा की, होय, स्वीकारली. परत करणार नाही. आज सकाळपासून तिच्यावर आठ महिन्यांचे बाळ आहे. ज्यांना ती जप्त करायची असेल त्यांनी हँडल घेऊन यावे, खाटेला बसवून दाखवावे. पोच मी तिथेच देईन.

या एका बाबीचा अपवाद वगळता आपली आज्ञाधारक,

(सही)
प्रभारी परिचारिका, बाल अतिदक्षता विभाग
दि. १६

सोबत :
१) चारही अर्जांच्या प्रती.
२) मुलीचे दोन एक्स-रे, विटा होत्या तेव्हाचा व नेल्यानंतरचा.
३) लाकडी उतार : जोडलेला नाही. वापरात आहे.