माझ्या पापाचा उपास

सिरसाळा
२० फेब्रुवारी २०२६, शुक्रवार

चि. विजयमालास,
दादाचा जय येशू.

इकडे सगळे ठीक. ज्वारी काढणीला आली आहे. तुझी वहिनी वनमाला रोज तुझी आठवण काढते. अर्धी वस्ती ऊसतोडीला गेलेली, त्यामुळे परवा राखेच्या बुधवारी, उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, प्रार्थनेला जेमतेम बारा माणसं होती. जुन्या झावळ्या जाळून राख मीच केली, पण कपाळांना मी लावली नाही. वाटी शेजारच्या मुंजाजीकडे दिली.

सोमवारी परमेश्वरदाजी बाजारात भेटले. म्हणाले, "आई गेल्यापासून हिनं चहात साखर घातली न्हाई. माझ्याच गोळीनं आई मेली म्हन्ती."

विजू, तू आईला बीडला नेलंस, डॉक्टरांनी साखरेची नवी गोळी दिली, ती तू आणलीस. ते सगळं बरोबरच होतं. आता जे झालं ते ऐक.

गेल्या वर्षी राखेच्या बुधवारी सकाळी वस्तीवर वाचायला फादरांनी चिठ्ठी दिली होती. साठीच्या पुढच्यांना आणि आजाऱ्यांना उपास नाही, असं तीत स्वच्छ लिहिलं होतं. ती ओळ मी वाचलीच नाही. आपल्या वस्तीत उपासाच्या दिवशी चाळिशीतल्या गड्याचीही साठी उलटते, म्हणून चिडून गाळली. तेवढ्यात आईनं सगळ्यांदेखत विचारलं, "सुग्रीवा, मला बी हाय का रं उपास?"

मी वस्तीचा धर्मशिक्षक. पहिली सूट घरात कशी देऊ? म्हणालो, "आये, तूच न्हाई धरला तर बाकीचे कशाला धरतील?"

ती हसली. कपाळावर राख माझ्याच बोटानं लावून घेतली. घरी येऊन उपाशीपोटीच गोळी घेतली, कारण तू बजावलं होतंस की गोळी चुकवायची नाही. दुपारी घामाघूम होऊन पडली. वनमाला साखरेचं पाणी घेऊन धावली, तर मीच अडवलं. म्हणालो, "उपासानं चक्कर येती, पडू दे जरा."

दफनानंतर तू विचारलंस, "आयनं जेवून गोळी खाल्लती का?" मी म्हणालो, हो, भाकर खाऊन. तू गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन बघत बसलीस. मला दिसत होतं तू काय समजलीस ते. तरी गप्प राहिलो, आणि वनमालालाही गप्प केलं.

फादरांकडे कबुलीला अजून गेलेलो नाही. ते क्षमा देतील, याचीच भीती वाटते. बुधवारपासून पाण्यावर आहे, पण या उपासाला काही अर्थ उरलेला नाही. खरा उपास वर्षभर तू केलास, आणि तो माझ्या पापाचा होता. देवाकडे तोंड वर करावं असं आता वाटत नाही.

तू येऊ नकोस, पत्रही नको. फक्त हे वाचून झालं की चहा ठेव आणि त्यात साखर घाल.

वर लिहिलं तसं इथं दादा लिहायला हात धजत नाही,
सुग्रीव