लिननचे शर्ट आणि माझी इस्त्री

लिहून ठेवते मी, हिबिनो यासुए, वय शहात्तर, राहणार इचिनोमिया, देवळामागची लॉन्ड्री. डोकं ठिकाणावर आहे, हात थोडे थरथरतात, पण इस्त्री धरली की थरथरत नाहीत. कोणी भरीस घातलं म्हणून हे लिहीत नाही. उलट माझी धाकटी बहीण किनुयो म्हणाली, "मृत्युपत्र कसलं लिहितेस ताई, तू आम्हा सगळ्यांना पोचवून जाशील." म्हणून तर मुद्दाम लिहायला बसले. नोटरीसमोर वाचताना दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार होता येत नाही. म्हणून पहिली साक्षीदार किनुयोच असावी. तिने सगळं बसून ऐकावं आणि हात हलवत घरी जावं.

कलम पहिले. घर, दुकान आणि पोस्टातली शिल्लक माझी एकुलती एक मुलगी चिझुरु हिला. अट एकच. दुकानाची जागा किनुयोला भाड्याने, उसनी किंवा चार दिवसांपुरतीही देऊ नये. समोरच्या बाजूला तिचं दुकान आहे तेवढं पुरे.

त्या दुकानाविषयी लिहिणं भाग आहे. किनुयो कपडे विकते, इस्त्री न लागणारे. माझ्या लॉन्ड्रीसमोर! गावातली ऑफिसला जाणारी माणसं पूर्वी दर शनिवारी माझ्याकडे शर्ट टाकायची. आता तिच्याकडून घेतात, मशीनमधून काढतात, झटकतात आणि टांगतात. माझ्या दारावरून जाताना वर नमस्कार करतात. मला तिचा हेवा वाटतो. कायद्याच्या कागदात असं लिहीत नसतील, पण खोटं कशाला लिहू?

आमचे वडील लोकरीच्या मागावर कामाला होते. कापड मुठीत दाबायचं, सोडायचं आणि ते परत कसं उमलतं ते बघायचं, हे आम्ही दोघी त्यांच्याकडे शिकलो. आधी मी, मग मी किनुयोला शिकवलं. पण वडील चारचौघांत म्हणायचे, "किनुयोची मूठ बघा!" माझ्या मुठीचं नाव कधी निघालं नाही. माझा नवरा कात्सुजी, देव त्याला सद्गती देवो, त्याचा लग्नातला सूटसुद्धा किनुयोने निवडला. फोटोत तो फार देखणा दिसतो. म्हणून तो फोटो मी कपाटात ठेवला. तो चिझुरुने घ्यावा.

कलम दुसरे. मी गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवशी, रीतीप्रमाणे, माझे कपडे जवळच्यांत वाटायचे, तेव्हा निळा किमोनो शेजारीण नोदा सुमिकोला नको, तिने माझी छत्री परत केलेली नाही. तो चिझुरुला. मला शेवटचं पांढरं सुती नेसवावं. किनुयोच्या दुकानातलं न चुरगळणारं काही अंगाला लावू नये. या वयात चुरगळायचा मला हक्क आहे.

कलम तिसरे, आणि हे नीट वाचावं.

नागोयात चिझुरुच्या ऑफिसने सूट बंद केले. नीटनेटकं पण साधं घालून या, असं सांगितलं. म्हणजे नक्की काय, ते कोणालाच कळेना. मी तिच्यासाठी पांढरे सुती शर्ट शिवून, कडक करून ठेवले होते. ती म्हणाली, "आई, तू किती राबशील? मावशीला विचारते." गेली समोर. किनुयोने तिला विणलेला गडद निळा कोट काढून दिला, वर शिकवलं, "विणीचं घे, दाट घे. पातळ सुती नको. पँटची घडी धुतल्यावर राहते का ते विचार. कॉलर स्वतःहून उभी राहायला हवी. आणि आधी मूठ!" ती मूठ माझी होती. चिझुरु त्या कोटात इतकी शोभली की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझे शर्ट खोक्यात गेले.

पण नंतर दर रविवारी चिझुरु एक लिननचा शर्ट घेऊन यायला लागली. सुरकुत्यांनी भरलेला. "आई, हा तुझ्याशिवाय कोणाच्या हातचा चालत नाही." मी पाणी शिंपडून कॉलर, मग बाह्या, मग पाठ, अशी इस्त्री करायची आणि ती मिसो घातलेल्या उदोनच्या जाड शेवया खात समोर बसायची. आठवडाभर मी त्या तासावर जगायची. किनुयोला मुद्दाम ऐकवायची, "तुझ्या कपड्यांनी भागत नाही हं तिचं." ती नुसती हसायची.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी ओगिसोच्या हॉटेलात सकाळची कॉफी आणि टोस्ट घ्यायला लवकर गेले. पडद्यापलीकडे दोघी बसल्या होत्या.

"हा आजचा घे," किनुयो म्हणत होती. "चांगला चुरगळून ने गं. मागचा फारच सरळ होता, ताईला सुगावा लागेल."

"मावशी, अगं तासभर त्याच्यावरच बसले होते मी!"

"तरी कमीच. दुकानात लिनन कोणी विचारत नाही, तिच्यासाठी म्हणून मागवते मी. घाल पिशवीत, आणि मी दिला म्हणून बोलू नकोस, नाहीतर इस्त्री फेकून मारेल मला."

ओगिसोने कॉफी आणली होती, ती तशीच ठेवून मी घरी आले. फसवलं याचा राग नव्हता. माझा रविवारसुद्धा तिनेच निवडून दिला होता, आणि तो मला बरोबर मापाचा बसला होता. याचा जळफळाट मी मेले तरी जाणार नाही. थोड्या वेळाने चिझुरु शर्ट घेऊन आली. मी पाणी शिंपडलं. आजवरची सगळ्यात कडक इस्त्री करून दिली.

तेव्हा असं ठरवते. माझी जड इस्त्री, पाण्याचं पितळी भांडं आणि जुनी फळी किनुयोला. माझ्यामागे तिने लिनन मागवणं थांबवू नये. चिझुरुने दर रविवारी शर्ट घेऊन तिच्याकडे जावं, आणि किनुयोने तो स्वतःच्या हाताने इस्त्री करावा. मनगट भरून येऊ दे तिचं. कॉलर तिला कधीच जमणार नाही. चिझुरुने तोंडदेखलं छान झालीय असं म्हणू नये. कॉलरकडे बघावं, आणि आईची आठवण आली तर मोठ्याने सांगावं, म्हणजे किनुयोला ऐकू जाईल.

इचिनोमिया, रेइवा ७ (सन २०२५), नोव्हेंबर ११.

सही व नावाचा ठसा: हिबिनो यासुए

साक्षीदार पहिली: किनुयो. (हे नाव मी स्वतःच खोडून बाजूला ठसा मारला आहे. तिला मिळणार आहे.) तिच्या जागी: ओगिसो ताकेहिको, हॉटेलवाले.

साक्षीदार दुसरी: नोदा सुमिको. येताना छत्री आणावी.