बाळंतपणाला इकडे नको

प्रिय धाकटे,

मी बरी आहे, पाय तेवढे भरून येतात. तुझ्या ओकाऱ्या थांबल्या का?

इकडे गर्भपातबंदीचा कायदा आल्यापासून आमच्या वॉर्डात डॉक्टर तुरुंगाच्या भीतीने आधी वकिलाला फोन लावतात. परवा एक शिक्षिका आली. पाचव्या महिन्यातच पाणी गेलेलं, बाळ वाचणार नव्हतं. पण त्याचे ठोके चालू होते, म्हणून कुणी हात लावेना. तापाने फणफणत ती म्हणाली, "सिस्टर, घरी दोन लेकरं आहेत हो माझी." दोन दिवस मी नुसत्या कपाळावरच्या पट्ट्या बदलल्या. ती वाचली, पण पिशवी काढावी लागली.

तू बाळंतपणाला माझ्याकडे यायचं म्हणतेस. नको येऊस. मीच रजा टाकून येते. आईला यातलं काही बोलू नकोस. ताईला घरची आठवण येते, एवढंच सांग. तेही खरंच आहे.

तुझीच दमलेली,
ताई