देऊळघाटचा समुद्र बगळा

७ डिसेंबर, शनिवार
बुलडाण्याला पक्षीवाल्यांची बैठक. देऊळघाटच्या तलावाची पक्षी-यादी छापायची, त्यासाठी. रोज सकाळी तलावावर जातो मी. यादी करणार तायडे सर. का, तर ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झाले आणि मी मोटारी भरतो, विहिरीवरच्या पंपांच्या, जळाल्या की नव्या तारेनं. बरं.
माझी वही पुढे ठेवली. 'समुद्र बगळा, करडा, एक' या ओळीवर बोट ठेवून हसले. "मिस्त्री, हा समुद्राचा पक्षी. समुद्र इथून किती लांब आहे, ठाऊक आहे ना? तुम्ही आपल्या मोटारी भरा." सगळे हसले. मग लाल पेन काढून ओळ कापली. माझ्या वहीत! स्वतःच्या कागदावर कापली असती तर एक वेळ सोडून दिलं असतं.

८ डिसेंबर, रविवार
ती नोंद परत वाचली. जशीच्या तशी उतरवून ठेवतो, कारण लाल रेघेखाली अक्षर नीट दिसत नाही.
'२६ नोव्हें., स. ७.१० ते ७.५०. तलावाचा पूर्व काठ, गावची नाली पडते तिथं, वीतभर पाण्यात. आकार लहान बगळ्याएवढा. रंग पाटीसारखा; छाती-पोट गडद, पाठीकडे फिकट होत गेलेला. चोच काळी, बारीक. पाय काळे, बोटं पिवळी. उडाला नाही. सारखा पिसं चोचीनं ओढत होता.'
यात अंदाजानं लिहिलेला एक शब्द नाही. आमच्या जिल्ह्यात हा बगळा कुणी नोंदवल्याचं माझ्या वाचनात नाही, म्हणजे पहिला मी. म्हाताऱ्याचं पोट तिथंच दुखून राह्यलं.
पुष्पा म्हणाली, "त्या बगळ्यापायी जेवन काऊन टाकता? त्याले तं मालूमबी नसन." बायको आहे म्हणून ऐकून घेतलं.

१२ डिसेंबर, गुरुवार
शेजारचा शकील टेलर बातमी घेऊन आला. सिंधुदुर्गातल्या एका खाडीवर, पक्ष्यांसाठी राखून ठेवलेल्या जागेत सहल जाणार. तायडेच नेताहेत. दोन जागा रिकाम्या.
मी म्हटलं, त्या माणसासोबत मी बसणार नाही.
"अबे, बसाचं नाही तुले, बगळा पाहाचा हाये. खरा समुद्र बगळा डोयानं पाहून ये अन् मंग त्याच्या तोंडावर मार. मीबी येतो. समुंदर पाह्यलाच नाही ना मी."
याला पक्ष्यातलं काही कळत नाही, पण हे बरोबर बोलला. नावं दिली.

२० डिसेंबर, शुक्रवार
दु. ४ ला गाडी निघाली. तायडे पुढच्या सीटवर, माईक घेऊन. हो, माईक. चिखलीच्या पुढे तारेवरच्या पक्ष्याला ससाणा म्हणाले. ती कापशी घार होती. मी मागून मोठ्यानं सांगितलं. "मिस्त्री, चालत्या गाडीतून?" मी म्हटलं, तुम्हीही त्याच गाडीत आहात. शकील खिडकीकडे तोंड करून हसत बसला.

२१ डिसेंबर, शनिवार
स. १० ला खाडीवर. आत जायला तिवरांमधून लाकडी पूल केलेला आहे. फाटकावर पाटी: 'शांतता राखा'. तिच्याखालीच एक जण मोबाईलवर गाणं लावून उभा. होडीतून फिरवतात. लोक कुरवांना शेव टाकतात, पक्षी हातावर येतात, बाया ओरडतात, फोटो निघतात. खारी शेव! एकाला म्हटलं, ही त्यांनी खायची वस्तू नाही. म्हणाला, "काका, ते खाताहेत ना?" राखीव जागा म्हणे. कुणासाठी राखीव?
चिखल मात्र बघण्यासारखा. निवट्या चिखलावर उड्या मारतात, मासा असून. एका हाताचे खेकडे. शकील पुलावर पालथा पडून पाहत होता, "याहीचा एक हात कोन नेला बे?"
११.२० ला समुद्र बगळा दिसला. खरा. चिखलाच्या धारेवर, वीस-बावीस पावलांवर. लिहितो:
अंगभर एकच रंग. खाली गडद, वर फिकट असं नाही. गळा पांढरा, हनुवटीखाली चुना लावल्यासारखा. चोच जाड, पिवळट तपकिरी.
माझ्या नोंदीत पांढरा गळा नाही. विसरलो असेन? मी विसरत नाही. गळा पांढरा असता तर चाळीस मिनिटांत लिहिला असता. पिल्लू असेल. पहिल्या वर्षाचे पक्षी वेगळे दिसतात.
एवढ्यात तायडे शेजारी येऊन उभे. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "मिस्त्री, तुमची नोंद माझ्या डोक्यातून जाईना. मुंबईच्या एका जाणकाराला विचारलं. हे बगळे क्वचित वाट चुकून आत येतात म्हणाला. नोंद घेतो आहे, तुमच्या नावानं. वहीत रेघ मारायला नको होती मी."
मी म्हणालो, "हे तुम्हाला आधीच कळायला पाहिजे होतं."
चेहरा उतरला त्यांचा. बरं वाटलं. शकीलनं पाठीत थाप मारली.

२२ डिसेंबर, रविवार
स. ७, जेटीवर. होड्या उभ्या, पाण्यावर डिझेलचे रंग. पायरीवर एक करडा बगळा. गळा पांढरा नाही. चोच काळी, बारीक. छाती-पोट गडद, पाठ फिकट. पिसं ओढत होता. अगदी माझा पक्षी. माझं पिल्लू. जीव भांड्यात पडला.
होडीवाल्याला विचारलं, हे समुद्र बगळ्याचं पिल्लू ना?
"खयचा पिल्लू! पांढरोच बगळो तो. डिझेलात उतारलो. आमच्या जेटीर असले चार तरी गावतत. धुतलास तर पांढरोफेक."
मी म्हटलं, नक्की?
"माका इचारतास?" म्हणाला आणि दोर सोडायला लागला.
बराच वेळ बघत उभा राहिलो. पोट आधी बुडतं. म्हणून गडद खाली. पाठीला फक्त चोचीनं लागतं, म्हणून फिकट. सगळं माझ्याच नोंदीत लिहिलेलं होतं.
परतताना तायडे गाडीत पुढून म्हणाले, मिस्त्री, जिल्ह्यातली पहिली नोंद, टाळ्या! टाळ्या पडल्या. शकील कानाशी, "आता काऊन तोंड पाडून बसला बे? जितला ना तू."

२४ डिसेंबर, मंगळवार
दुकान उघडलं नाही. तलावावर गेलो, नाली पडते तिथं. पाणी काळं, वर तेलाचा पापुद्रा, काठच्या गवताला चिकट. बोटाला लावून वास घेतला. हे डिझेल नाही. हा वास मी डोळे मिटूनही सांगेन. ऑइल स्टार्टरचं, म्हणजे पंपाची मोटार चालू करायच्या डब्यातलं, जळकं तेल.
हरभरा-गव्हाच्या दिवसांत शेतकरी स्टार्टर दुरुस्तीला आणतात. जुनं तेल काढतो, नवं भरतो. जुनं दुकानामागच्या नालीत, तीच ही. पहिल्यापासून तसंच. गावात स्टार्टर उघडणारं दुसरं दुकान नाही.

२६ डिसेंबर, गुरुवार
तायडेंनी छापायच्या पानाचा फोटो पाठवला. समुद्र बगळा, त्याच्यापुढे माझं पूर्ण नाव. खाली, 'रविवारपर्यंत चूक असल्यास कळवा.' पुष्पानं फोन घेऊन आळीभर दाखवला. "आमच्या ह्याहीचं नाव छापून येऊन राह्यलं."
कळवायचं काय? आणि कुणाला? ज्या माणसानं मला सगळ्यांसमोर 'मोटारी भरा' म्हटलं, त्यालाच जाऊन सांगू, की बगळा मोटारीच्याच तेलात भरला होता? जन्मभर पुरेल त्यांना.
दु. नंतर वेगळं सुचलं. छापू द्यावं. मुंबईचा तो जाणकार वर्णन वाचेल, गळा कुठं आहे म्हणून विचारेल. यादी करणारे तायडे. हसं त्यांचं होईल. लाल पेन त्यांच्याकडेच आहे. हा विचार करताना चहा दोनदा गार झाला. गोड लागला.

२७ डिसेंबर, शुक्रवार
दुकानामागे पिंप ठेवलं. आजचं तेल त्यात. शकीलनं पाहिलं, "हे काऊन?" त्याला सांगितलं. सगळं. पहिला तोच.
हसेल वाटलं होतं. हसला नाही. पिंपात वाकून पाहिलं, म्हणाला, "मंग तो बगळा मेला असन का रे?"
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एवढे दिवस मी फक्त नाव कुणाचं छापणार याचाच विचार करत होतो. हे इथं लिहून ठेवतो. खोडणार नाही.

२८ डिसेंबर, शनिवार
तायडेंना फोन लावला. उचलल्याबरोबर, "मिस्त्री, उद्या सकाळी येतोय तलावावर! कॉलेजची पोरं घेऊन. तुमची जागा दाखवायची त्यांना." मी म्हटलं, सर, एक बोलायचं होतं. "उद्या बोलू, समोरासमोर," म्हणाले, ठेवला. समोरासमोर. पोरांच्या समोर.
नालीचं तोंड दिवसभर खरवडलं. तीन घमेली तेलकट चिखल निघाला. पूर्ण नाही निघत.

२९ डिसेंबर, रविवार
स. ७.३०. तलावावरूनच लिहितो आहे. बाभळीखाली बसलोय, बाकी सगळे पुढे. नऊ पोरं, तायडे, शकील.
बगळा आहे. करडा. बरोबर त्याच जागी. पण पंख अर्धवट उघडे, एका बाजूला कललेला. तोच, की दुसरा, सांगता येत नाही. पोरगी एक ओरडली, "सर, दिसला, दिसला!" तायडे लहान पोरासारखे धावले. स्टँडवरची दुर्बीण टोपण न काढताच लावायला निघाले. इतका आनंद त्या माणसाच्या तोंडावर मी पाहिला नव्हता. राग आला, कशाचा ते कळत नाही.
आता ते दुर्बिणीला डोळा लावून आहेत. बराच वेळ झाला. फिरकी फिरवताहेत. शकील माझ्याकडे पाहतोय.
डोळा काढला. चष्मा पुसला. परत लावला.
"मिस्त्री," म्हणाले, मोठ्यानं नाही, "गळा... मला नीट दिसत नाही आताशा. तुम्ही या. तुम्ही म्हणाल ते लिहितो."
खिशातून पेन काढून, पान उघडून उभे आहेत.
उठतो.