तबकडीवरचं वहिनीचं नाव

प्रिय दादा,

तुला जाऊन वर्ष झालं. आज लिहायला बसले, कारण तुझी मोठी तबकडी आली आहे. तू निरनिराळ्या बायांबरोबर गायलेली जोडगाणी कंपनीने एकत्र केली आहेत. मालेगावच्या हॉटेलात दिवसभर तीच वाजते म्हणे.

त्यातलं शेवटचं गाणं माझं आहे. आणि नाव? कौसल्या वहिनीचं!

सहा डिसेंबरला आपण दादरला गेलो होतो, आठवतं ना? सासरच्यांनी मला चैत्यभूमीपुरतंच सोडलं होतं. तू परस्पर रेकॉर्डिंगला नेलंस. माझं नाव देऊ नकोस, असं मीच विनवलं होतं. सासरी कळलं असतं तर माझं माहेर तुटलं असतं. पण दुसरीचं नाव दे, असं मी कुठे म्हटलं होतं? तेव्हा छोट्या तबकडीवर तुझं एकट्याचंच नाव आलं, म्हणून मी निर्धास्त राहिले. लबाडा, कंपनीच्या कागदावर वहिनीचं नाव लिहून दिलंस, ते एका शब्दाने तरी सांगायचंस!

तू माझी लाज राखलीस, की माझा आवाज वहिनीला आंदण देऊन टाकलास? कधी वाटतं, झालं ते बरं झालं. कधी इतका राग येतो की तव्यावर भाकरी करपते. परवा विहाराच्या भोंग्यावर ते गाणं लागलं. सासूबाई म्हणाल्या, तुझी भावजय गोड गाते. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते?

वहिनीला तर अंगाईसुद्धा सुरात येत नाही. तूच चिडवायचास. आता इंझोरीच्या लोकांनी तिला जयंतीला गायला बोलावलंय. काल ती इथे जऊळक्याला आली, चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "बाई, हे नाव मले जड होऊन राह्यलं. तुमी घ्या न परत."

घेऊ का रे? सासूबाई घर डोक्यावर घेतील, आमचे हे माझ्याशी चार दिवस बोलणार नाहीत. लोक म्हणतील, भाऊ गेला आणि बहीण भावजयीच्या नावावर उठली. तुला विचारलं असतं, तर तूच नाहीस.

माझं डोकं अजून चालत नाही. पण एवढा शब्द देते : इंझोरीच्या स्टेजवर मी वहिनीबरोबर चढेन. माइकसमोर आधी माझं नाव सांगेन, मग गाईन. तुझ्या ओळी आल्या की काय करायचं, ते मात्र मला माहीत नाही.

तुझी,
वत्सला