चौतीस मिलिमीटर

१२ जानेवारी, रविवार

पन्नास! सदानंदच्या छातीतली महाधमनी पन्नास मिलिमीटर फुगली आहे आणि हा माझा नवरा मला फोनवर सांगतो, "सीटीचा रिपोर्ट आलाय, पन्नास लिहिलंय. येताना बेकरीतून खुबूस आणू का?"

कंपनीच्या वार्षिक तपासणीत एक्स-रेवर हृदयाजवळची सावली रुंद दिसली, म्हणून सीटी करायला लावला होता. त्यात हे निघालं. शुऐबाच्या कारखान्यातून कंपनीच्या बसने घरी आला, बूट काढले, रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि चहा मागितला.

सतरा वर्षं मी इथे आखातात, सलव्याच्या क्लिनिकमध्ये इको काढतेय. दिवसाला वीस-पंचवीस हृदयं पडद्यावर बघते. आणि माझ्याच घरात हे! ही धमनी फुटली तर माणूस बहुतेक वेळा हॉस्पिटलपर्यंतही पोचत नाही. त्याला हे माहीत नाही. मला माहीत आहे, म्हणून चहा मीच दोनदा उतू घालवला.

१३ जानेवारी, सोमवार

जुनी फाइल काढली. पावणेदोन वर्षांपूर्वी मीच त्याचा इको काढला होता. महाधमनी चौतीस मिलिमीटर, नॉर्मल. खाली माझी सही.

म्हणजे तेव्हा ठणठणीत होता! मग सोळा मिलिमीटर वाढले कशाने? बीपीच्या गोळ्यांची पाकिटं उघडली — निम्म्या गोळ्या तशाच. गॅलरीत सिगारेटची थोटकं. सांगून सांगून माझी जीभ झिजली, पण पालथ्या घड्यावर पाणी. आज तोंडावर सांगितलं, "हे तुझं तू ओढवून घेतलंस. कागदावर आहे."

त्याने रिपोर्ट दोनदा वाचला आणि परत फाइलमध्ये लावला. भांडलाही नाही. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

१६ जानेवारी, गुरुवार

सर्जनकडे गेलो. डॉ. कमाल, इजिप्तचे, कमी बोलणारे. म्हणाले, पन्नासवर आम्ही सहसा कापत नाही. बीपी ताब्यात ठेवायचं, सहा महिन्यांनी परत बघायचं. साधारण पंचावन्नला ऑपरेशन. मी सुटकेचा श्वास सोडतेय तोच त्यांनी माझा जुना रिपोर्ट उचलला.

"चौतीसवरून पन्नास? ह्या वेगाने वाढत असेल तर थांबता येणार नाही."

छाती मधोमध उघडायची. हृदय थांबवायचं. फुगलेला भाग काढून कृत्रिम नळी शिवायची. तारीख ३ फेब्रुवारी. शंभरात दोन-तीन लोक वाचत नाहीत, हेही त्यांनी त्याच सुरात सांगितलं. जुन्या इकोचा नुसता कागद नको, चित्रंही सीडीवर आणा म्हणाले.

गाडीत सदानंद एकच वाक्य बोलला, "गोळ्या घ्यायला हव्या होत्या." मी "आता?" एवढंच म्हटलं. मुद्दाम लागेल असंच म्हटलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

सासूबाईंचा नाशिकहून फोन. "तू स्वतः ह्याच कामातली असून तुला कळलं नाही?" — मी फोन ठेवून दिला.

२१ जानेवारी, मंगळवार

साहेबांनी मीठ सोडलंय. सिगारेटी कचऱ्यात. गोळी घेतली की रिकामं पाकीट मला दाखवतो, शाळेतल्या पोरासारखं. वरातीमागून घोडं!

कॅनडाहून लेकीचा व्हिडिओ कॉल. "बाबा, व्हाय डिडन्ट यू जस्ट टेक द मेड्स?" तो खाली बघून म्हणाला, "चुकलंच माझं." मी बाजूलाच कांदा चिरत होते. त्याची बाजू घेतली नाही. का घ्यावी?

संध्याकाळी मला गीझरचा व्हॉल्व्ह कसा बंद करायचा ते शिकवत बसला. वॉशिंग मशीनचा फिल्टरही. मी चिडून आत निघून गेले.

२७ जानेवारी, सोमवार

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.

दुपारी पेशंट संपल्यावर सीडी करायला बसले. रिसेप्शनवरच्या रबियाने जुना नंबर शोधून दिला. ११ एप्रिल २०२३, रमजानचे दिवस. सदानंदचं हृदय पडद्यावर आलं. पुढे गेले, महाधमनी आली. तिच्यावर मापाची रेघच नव्हती. सगळी चित्रं पाहिली. कुठेच नव्हती.

मग आज मोजली. त्याच चित्रावर. अठ्ठेचाळीस. परत मोजली. अठ्ठेचाळीस. तिसऱ्यांदाही.

आमच्याकडची पद्धत अशी: नॉर्मल रिपोर्टचा साचा उघडायचा आणि जिथे बिघाड दिसेल तेवढाच आकडा बदलायचा. चौतीस हा साच्यातला आकडा आहे. शेकडो रिपोर्टांत तोच असेल. त्या दिवशी कामाचे तास आखूड, बाहेर रांग, आणि हा तर घरचाच माणूस. झडपा बघितल्या, ठोके बघितले, खाली सही ठोकली. सगळेच असं करतात. नव्या मुलींना तर मीच असं शिकवलंय.

म्हणजे धमनी तेव्हाच फुगलेली होती. पावणेदोन वर्षांत वाढली फक्त दोन मिलिमीटर. वेग कुठला? घाई कुठली? पुढच्या सोमवारी त्याची छाती उघडणार आहेत ती माझ्या साच्यासाठी. आणि सगळं खापर मी त्याच्या डोक्यावर फोडून मोकळी झाले.

२८ जानेवारी, मंगळवार

सीडी पर्समध्ये आहे. दिली नाही.

३० जानेवारी, गुरुवार

ऑपरेशनआधीच्या रक्ततपासण्या झाल्या. डॉ. कमालांच्या सेक्रेटरीने सीडी विचारली. मी म्हटलं, मशीन बंद आहे. किती सहज निघालं तोंडातून!

दिली तर माझं लायसन्स जाईल. सतरा वर्षं गेली. दुसरं मला काही येत नाही. आणि आज जेवताना मनात आलं — ऑपरेशन आज ना उद्या लागणारच होतं, आत्ता झालं तर काय बिघडलं? समोर तो बिनमिठाची आमटी गपगप पीत होता. हा विचार माझ्याच डोक्यात आला हे इथे लिहून ठेवते. नंतर विसरायला नको.

१ फेब्रुवारी, शनिवार

त्याने हॉस्पिटलची बॅग भरली. वर आमचा लग्नातला फोटो ठेवला. मला दिसू नये म्हणून टॉवेलखाली.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी डॉ. कमालांना सीडी दिली, सगळं सांगितलं. त्यांनी स्वतः मोजलं. अठ्ठेचाळीस. उद्याचं रद्द, सहा महिन्यांनी सीटी. क्लिनिकला मला कळवावं लागेल, म्हणाले. कळवा म्हटलं.

घरी येऊन सदानंदला सांगितलं. काहीही न गाळता. तो ओरडेल म्हणून उभीच राहिले होते. तो बॅगेशेजारी पलंगावर बसला.

"म्हणजे माझ्यामुळे नाही वाढलं?"

नाही, मी म्हणाले.

त्याने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा नाही म्हणाले.