चंदीच्या गाठी

सोलापूर, मंगळवार पेठ
फाल्गुन, १९३४

प्रिय निंगव्वा,

तुला आणि मिरजेच्या सगळ्यांना अक्काचे आशीर्वाद. पत्र नाही म्हणून रुसली असशील, पण या घरात माणसानं पत्राला बसावं कधी, ते तूच सांग. सध्या आमच्याकडं एकच विषय चाललाय, चंदी. आमच्या मामंजींनी, म्हणजे यांच्या अप्पांनी, मळ्यावर राखणीला म्हणून मुधोळहून आणलेली कुत्री. मागं आली होतीस तेव्हा तुझ्या नव्या इरकली लुगड्यावर फतकल मारून बसली होती की, तीच. मामंजी गेले, आता तीही म्हातारी झाली. तोंड पांढरं पडलंय, अंगणातलं ऊन सरकेल तशी सरकत झोपते.

संक्रांतीला, सिद्धरामाच्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला तिच्या पोटाखाली सुजल्यासारखं दिसायला लागलं. सासूबाईंनी चष्मासुद्धा न लावता सांगून टाकलं, पोटुशी हाय. मी म्हटलं, अहो, या वयात? तर म्हणे, तुला काय कळतंय त्यातलं. माझी कूस उजवली नाही म्हणून हे ऐकावं लागतं, तुला ठाऊक आहे, जाऊ दे. मग सुरू झाले लाड. दुधात कुस्करलेली भाकरी काय, खारीक-खोबरं काय. एका मंगळवारी तर हळदकुंकू लावून खणानं ओटी भरली तिची, आणि चंदी बाईसाहेबांनी तो खण दारात नेऊन फाडला. पिल्लं आधीच वाटून झाली होती, एक वैरागच्या नणंदेला, एक टेंभुर्णीच्या पाहुण्यांना. गल्लीतल्या बायका मला विचारायच्या, झाली का मोकळी? दिवस उलटून गेले तरी पिल्लाचा पत्ता नाही. शेवटी तिला न्हाऊ घालताना मी पोटाला हात लावून पाहिला, तर दूध कुठलं, गाठी होत्या. ओळीनं होत्या, त्यातली एक तर लिंबाएवढी.

त्यानंतर ज्याला त्याला अक्कल सुचायला लागली. शेजारचे तिप्पण्णा म्हणाले, बैलाला देतात तसा तापल्या विळ्याचा डाग द्या. सासूबाई म्हणाल्या, बिब्बा घाला. तुझ्या भावोजींना विचारलं तर ते म्हणाले, बघू. अप्पांची कुत्री हाय, काही बरंवाईट झालं तर आई मला जन्मभर बोलेल. रोज दुकानातून आले की तिच्याजवळ बसायचे, डोक्यावरून हात फिरवायचे आणि जेवायला उठायचे. दुसऱ्या दिवशी विचारावं तर पुन्हा बघू. या एका शब्दानं माझं डोकं फिरतं, निंगव्वा. नुसतं बघत बसून कुणाची गाठ विरघळलीय?

गेल्या सोमवारी मी कुणाला न सांगता टांगा बोलावला, तिला गोधडीत गुंडाळलं आणि गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर माणूस चांगला, पण पोटुशीची हकीकत ऐकून चिडला. कापायला गेलो तर क्लोरोफॉर्मखाली म्हातारं काळीज टिकेल याचा भरवसा नाही, म्हणाला, आणि नाही कापलं तर गाठ फुटून किडे पडतील, हाल हाल होऊन जाईल. घरी विचारून या. मी म्हटलं, घरी विचारत बसले तर कुत्री तेवढ्यात जाईल, तुम्ही कापा. म्हटलं खरं, पण आत नेताना ती माझ्याकडं मान वळवून बघत होती आणि मला तिच्याकडं बघवेना.

सिद्धरामाची कृपा, उठली. पोटाला फडकं बांधून हिंडते, काल वाटीभर आंबील प्यायली. पण एक गाठ आत खोल गेली होती, ती पुरती निघाली नाही. आधी आणली असती तर निघाली असती, असं डॉक्टर म्हणाला. आता सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत, आणि हे म्हणतात, मला विचारायचं तरी. जणू इतके दिवस मी भिंतीला विचारत होते.

आता हे सगळं तुला का लिहिते, ते सांगते. माझ्या छातीत डाव्या अंगाला गाठ आहे. दिवाळीत अंगाला तेल लावताना पहिल्यांदा हाताला लागली. दुखत नाही, पण वाढतेय. घरात बोलले नाही आणि बोलणारही नाही. सासूबाई माझीच ओटी भरायला निघतील, आणि हे काय म्हणतील ते तुला सांगायला नको. तुमच्याकडं मिशनच्या दवाखान्यात बायकांना तपासणारी डॉक्टरीण आहे, असं तू म्हणाली होतीस. तर एवढं कर. तुझ्या भावोजींना पत्र टाक, की तुझीच तब्येत बरी नाही, अक्काला महिनाभर पाठवा. गाठीचं अक्षरही त्यात नको. ते आलं की मी मिळेल त्या गाडीनं निघते. डॉक्टरीण तपासेल तेव्हा तू माझ्या शेजारी उभी राहा गं. मला लई भीती वाटते.

तुझीच अक्का,
कमलम्मा